फ्राइड पिकल्स घरी कुरकुरीत कसे करावेत? (काकडीच्या खारवलेल्या चकत्यांचं तळण)

रानजाई

मागच्या आठवड्यात गप्पांच्या पानावर फ्राइड पिकल्सचा विषय निघाला आणि दोघातिघांनी पाककृती मागितली, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. मी लिटल रॉकला राहते, अर्कान्सामध्ये. इथे हा पदार्थ घराघरांत माहीत असतो. त्यामुळे नुसती कृती न देता थोडं सविस्तर लिहिते.

आधी पदार्थ काय ते सांगते. छोट्या काकड्या व्हिनेगर, मीठ, लसूण आणि शेपू घालून मुरवतात, ते डिल पिकल. त्याच्या गोल चकत्या पिठात घोळवून तळायच्या आणि गरम गरम दाट पांढऱ्या सॉसमध्ये बुडवून खायच्या. अमेरिकेच्या दक्षिणेत बार्बेक्यूच्या ठिकाणी, कॅटफिश माशाच्या खाणावळीत, जत्रेत सगळीकडे मिळतात.

लिटल रॉकहून आय-४० महामार्गाने पश्चिमेला निघालं की रसेलव्हिलच्या अलीकडे ॲटकिन्स नावाचं छोटं गाव लागतं. तिथे पिकल्सचा मोठा कारखाना होता. कारखान्याच्या समोरच बर्नेल ऑस्टिन या गृहस्थांचं 'डचेस ड्राइव्ह-इन' होतं. लोक त्यांना 'फॅटमॅन' म्हणत. १९६३ साली त्यांनी तिथे पिकल्स तळून विकायला सुरुवात केली. समोर पिकल्सचा कारखाना असताना हे सुचणं अगदी साहजिक वाटतं. कारखाना पुढे बंद पडला, पण ॲटकिन्सला दर मे महिन्यात 'पिकलफेस्ट' भरतो आणि ऑस्टिन कुटुंबाच्या कृतीचे पिकल्स त्या जत्रेत मिळतात. कृती त्यांनी घरातच ठेवली आहे, बाहेर दिलेली नाही.

छापील कृती याच्याही आधीची सापडते. १९६२ साली कॅलिफोर्नियातल्या 'ओकलंड ट्रिब्यून'मध्ये एक आली होती, त्यात गोड पिकल्सच्या चकत्या आणि पॅनकेकचं तयार पीठ वापरलं होतं. मिसिसिपीतलं 'हॉलिवूड कॅफे'ही या पदार्थाचं श्रेय मागतं. तरी छोट्या ड्राइव्ह-इनमधून हा पदार्थ लोकांच्या तोंडी बसवला तो ॲटकिन्सने, असं माझं मत आहे.

आता कृती. ही कॅटफिशच्या पद्धतीची आहे, म्हणजे पातळ पिठात बुडवायच्या ऐवजी कोरड्या पिठात घोळवायची.

साहित्य: निथळलेल्या डिल पिकल्सच्या चकत्या २ वाट्या (३ ते ४ मिलिमीटर जाड), दाट ताक १ वाटी, कॉर्नस्टार्च अर्धी वाटी, मैदा अर्धी वाटी, मक्याचा बारीक रवा (इथला कॉर्नमील) पाऊण वाटी, लसूण पूड १ चमचा, पाप्रिका (रंगाला असलेली सौम्य मिरचीची पूड) १ चमचा, केयेन किंवा साधं लाल तिखट अर्धा चमचा, मिरपूड अर्धा चमचा. तळायला शेंगदाण्याचं रिफाइंड तेल. मीठ अजिबात नाही. पिकलमध्येच इतकं असतं की पिठात चिमूटभर घातलं तरी जास्त होतं.

चकत्या चाळणीत निथळून घ्या. मग स्वच्छ सुती पंचावर एकेक सुटी पसरा, वरून दुसरा पंचा घाला आणि त्यावर पोळपाट किंवा हलकं ताट ठेवा. वीस मिनिटं हात लावू नका. ही पायरी गाळलीत तर पुढचं सगळं वाया जाईल. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, मुरल्यावरही बहुतेक तसंच राहतं. चकती तेलात पडली की त्या पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर यायला वाट शोधते. वरचं पाणी टिपलेलं नसेल तर वाफ पिठाच्या खाली साठते आणि आवरण फुग्यासारखं सुटून येतं. आवरण एकीकडे आणि काकडी दुसरीकडे!

टिपलेल्या चकत्यांना आधी नुसत्या कॉर्नस्टार्चचा हात लावायचा. पावडर लावल्यासारखा पातळ, जास्तीचं झटकून टाकायचं. मग ताकात बुडवायच्या, मग मैदा, मक्याचा रवा आणि मसाल्यांच्या मिश्रणात दोन्ही बाजूंनी दाबून घोळवायच्या आणि जाळीवर दहा मिनिटं ठेवायच्या. या दहा मिनिटांत कोरडं पीठ ताक शोषून घेतं आणि घट्ट बसतं. लगेच तळल्या तर रवा तेलात गळतो, जळतो आणि पुढचे घाणे काळपट होतात.

तेल १९० अंशांना (सेल्सिअस) न्या. घाणा छोटा ठेवा, चकत्या एकमेकींना चिकटू नयेत इतकाच. तेल १७५ च्या खाली जाऊ देऊ नका. दीड-दोन मिनिटांत, एकदा उलटून, सोनेरी होतात. झाऱ्याने काढून जाळीवर ठेवा. कागदावर ढीग केला तर खालच्या सादळतात.

सॉसचं नंतर लिहिते. शंका विचारा.

आदूची आई

रानजाई, किती छान आणि सविस्तर लिहिलंत! वाचनखूण साठवली.

मी कोथरूडला राहते. मोठ्या दुकानात काचेच्या बरणीत 'गर्किन्स' मिळतात, पण त्या चवीला गोडसर लागतात. चालतील का? आणि कॉर्नफ्लोअर, कॉर्नस्टार्च, कॉर्नमील यात माझा फार गोंधळ होतो. आपल्याकडे नक्की काय आणायचं?

रानजाई

आदूची आई, आधी पिठाचं. आपल्याकडे 'कॉर्नफ्लोअर' म्हणून जे पांढरं, बोटांत दाबलं की करकरणारं मिळतं, तेच इथलं कॉर्नस्टार्च. ते पहिल्या हाताला वापरा. कॉर्नमील म्हणजे दाणेदार पिवळा मक्याचा रवा. तो मिळाला नाही तर मक्याच्या भाकरीचं पिवळं पीठ दोन भाग आणि बारीक रवा एक भाग असं मिसळा. नुसत्या मक्याच्या पिठाला दाणेदारपणा येत नाही.

गोड गर्किन्स शक्यतो नकोत. साखर असली की बाहेरचा रंग लवकर चढतो, आवरण कुरकुरीत व्हायच्या आत तपकिरी दिसतं आणि आपण घाबरून लवकर काढतो. लेबलवर साखर वरच्या क्रमांकावर असेल तर ती बरणी ठेवून द्या. तीच वापरायची असेल तर चकत्या एकदा थंड पाण्यातून काढा, नीट टिपा आणि तेल १८० पर्यंतच ठेवा.

बेळगावकर

गर्किन्सचा विषय निघालाच आहे म्हणून थोडी भर घालतो. ही बरणीतली छोटी काकडी पुण्याच्या दुकानात परदेशी मालासारखी दिसते, पण तिची मोठी शेती आपल्या शेजारीच आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात गर्किनची लागवड सुरू झाली. पुढे तमिळनाडू, आंध्र आणि तेलंगणातही पसरली. आज जगभर जी गर्किन निर्यात होते त्यात भारताचा वाटा फार मोठा आहे.

जवळपास सगळं पीक कंपन्यांशी करार करूनच घेतात. बी-बियाणं आणि सल्ला कंपनीचा, जमीन आणि मेहनत शेतकऱ्याची, ठरलेल्या भावाने माल परत कंपनीकडे. तीन महिन्यांच्या आसपासचं पीक. तोडणी सुरू झाली की रोज शेतात जावं लागतं, कारण काकडी रात्रीत वाढते आणि आकार वाढला की दर्जा खाली जातो. जितकी छोटी तितका भाव जास्त. बायकांना भल्या पहाटे वाकून एकेक काकडी तोडावी लागते, कष्टाचं काम आहे. मग आकारानुसार वर्गवारी होते आणि व्हिनेगर किंवा मिठाच्या पाण्यात, पिंपांत भरून माल बाहेर जातो. आपल्या स्वयंपाकात ही काकडी फारशी कोणी वापरत नाही, म्हणून ती आपल्याला परकी वाटते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी बरणीवर मूळ देश कोणता ते जरूर बघावं.

रानजाई

बेळगावकर, फार उपयोगी माहिती दिलीत, मनापासून आभार. इथल्या काही बरण्यांवर 'भारतात उत्पादित' असं मीही वाचलंय, विशेषतः अगदी छोट्या, अख्ख्या गर्किन्सच्या.

डॅलसकर

मी टेक्सासमध्ये आहे. शाकाहारी माणसाला इथल्या स्टेक हाउसमध्ये नेलं की त्याच्यासाठी मागवायला भेंडीचं तळण आणि फ्राइड पिकल्स एवढंच उरतं. आमच्या घरी पाहुणे आले की हेच होतं. पण एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच ठिकाणी पिकल्स, चिकन आणि कॅटफिश एकाच तेलात तळतात. कडक शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर आधी विचारावं. स्वतंत्र फ्रायर असेल तर सांगतात. काही ठिकाणी पिठात अंडंही असतं. आईबाबा इकडे आले की मी हे दोन्ही प्रश्न विचारूनच मागवतो.

म्हणूनच घरी करायला शिकायचंय. माझा प्रश्न आवरणाचा. मी पातळ पीठ करतो, म्हणजे मैदा, बेकिंग सोडा आणि थंड पाणी. तेलात टाकल्यावर छान फुगतं, पण ताटात येईपर्यंत मऊ पडतं. असं का होत असावं?

चौकस

डॅलसकर, मी उत्तर देऊन बघतो. पदार्थविज्ञानाची आवड म्हणून लिहितोय, रानजाई दुरुस्त करतीलच.

पहिलं कारण मैदा. त्यात पाणी घालून ढवळलं की ग्लूटेनचं (गव्हातल्या चिवट प्रथिनाचं) जाळं तयार होतं, ते तळल्यावर आधी फुगतं आणि मग चिवट होतं. जितकं जास्त ढवळाल तितकं जास्त. मैदा निम्मा करा आणि उरलेल्या निम्म्यात कॉर्नस्टार्च किंवा तांदळाची पिठी घाला. या दोन्हींत ग्लूटेन नसतं, शिवाय तळल्यावर आवरण ताठ राहतं. पाण्याऐवजी फ्रिजमधलं थंडगार सोडा-वॉटर वापरा. बुडबुड्यांमुळे आवरण जाळीदार होतं आणि थंड पाण्यात ग्लूटेन सावकाश तयार होतं. काट्याने चार वेळा फिरवायचं, गुठळ्या राहिल्या तरी राहू द्यायच्या.

दुसरं कारण बेकिंग सोडा. पिकलच्या पृष्ठभागावर व्हिनेगर असतं. सोडा त्याला भेटला की चकतीला लागूनच वायू तयार होतो, म्हणजे जिथे पीठ चिकटायला हवं नेमकं तिथेच. आवरण आतून सुटतं. शिवाय सोडा जास्त झाला तर रंग फार लवकर गडद होतो आणि साबणासारखी चव येते. सोडा बंद करून अर्धा चमचा बेकिंग पावडर घाला. सोडा-वॉटर वापरलंत तर तेही लागणार नाही.

तिसरं कारण वेळ. आवरणाच्या आत पाण्याचा साठाच आहे. तळून काढल्यावरही चकती आतून वाफ सोडत राहते आणि ती वाफ बाहेरच्या पापुद्र्यात मुरते. म्हणून आवरण जाड असेल तर बाहेरून झालं तरी आतून ओलं राहतं. बुडबुड्यांकडे बघा. टाकल्याबरोबर तेल जोरात खळखळतं, ती बाहेर पडणारी वाफ. खळखळ स्पष्टपणे मंदावली की आवरणातलं पाणी गेलं असं समजायचं. नुसत्या रंगावर जाऊ नये.

रानजाई

चौकस, सगळं पटलं, बुडबुड्यांचं तर अगदीच. माझ्याकडे थर्मामीटर असला तरी मी कान आणि डोळे तिकडेच ठेवते.

फक्त पातळ पिठाबद्दल माझं मत वेगळं आहे. पातळ पीठ भज्यांना उत्तम, कारण कांद्याला किंवा बटाट्याला ते धरून बसतं आणि कांद्याचं सुटलेलं पाणी पिठातच मिसळतं. पिकलची चकती गुळगुळीत, वर आंबट पाण्याने ओली. तिच्यावर पातळ पीठ टिकवायला कसरत करावी लागते. कोरडी पद्धत सोपी, मक्याच्या रव्याचे दाणे दाताखाली येतात आणि घाणे निघेपर्यंत आधीचे सादळत नाहीत. घरी पाहुण्यांसाठी करायचे तर मी कोरडीच सुचवेन. टपरीवर कढईतून थेट हातात द्यायचे असतील तर पातळ पीठ चालेल.

मेघमल्हार

बेसनात का करू नये? आपल्या घरात ते कायम असतं, शिवाय कडकडीत तेलाचं मोहन घातलं की खुसखुशीत होतात.

रानजाई

मेघमल्हार, करून बघायला हरकत नाही, पण मग ती भजी होतात. बेसनाची चव ठसठशीत असते, ती शेपू-लसणाचा वास खाऊन टाकते. मोहनाने खुसखुशीतपणा येतो हे खरं, पण मला इथे कडकपणा हवा आहे, चावल्यावर कट्कन मोडणारा. बेसनाचं आवरण गार होताना लवकर मऊ पडतं. तुम्हाला बेसन घालायचंच असेल तर दोन मोठे चमचे बेसन आणि बाकी तांदळाची पिठी असं घ्या, ओवा मात्र घालू नका.

तळकोकणी

हे सगळं वाचताना वाटलं, यातली अर्धी विद्या आपल्याकडच्या फोडी तळणाऱ्या बायकांना पाठ आहे. आमच्याकडे सुरणाच्या, नीरफणसाच्या, वांग्याच्या फोडी करतात. मीठ, हळद, तिखट आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) चोळून ठेवायचं, सुटलेलं पाणी काढून टाकायचं आणि मग तांदळाची पिठी आणि रव्यात घोळवून तव्यावर तळायच्या. पाणी काढायचं, आंबट चोळायचं, रव्यात दाबायचं, तेच सगळं! तांदळाची पिठी दोन भाग आणि जाडसर रवा एक भाग हे प्रमाण पिकल्सना लावून बघा, मक्याचा रवा शोधत फिरावं लागणार नाही.

दुसरं, आपल्याकडे मिठाच्या पाण्यात घातलेल्या कैऱ्या असतात ना, पावसाळ्यासाठी ठेवलेल्या? त्यांच्या पातळ चकत्या काढून मी याच पद्धतीने तव्यावर केल्या आहेत. पेजेबरोबर फार छान लागतात. कैरी काकडीपेक्षा घट्ट असते, त्यामुळे पाणी कमी आणि आवरण टिकतं. फक्त आधी अर्धा तास साध्या पाण्यात ठेवून खारटपणा उतरवावा लागतो.

मांडवीकाठ

तळकोकणी, +१. गोव्यात आमच्याकडे मिठात चेपून ठेवलेले कोवळे तोर (लहान कैऱ्या) असतात. तेही असेच रव्यात तळून बघितले पाहिजेत. या रविवारी करते.

आदूची आई

मग आपलं तेल-मसाल्याचं कैरीचं लोणचं तळता येईल का? लेक विचारतोय.

रानजाई

नाही, आदूला सांगा तेलातलं लोणचं तळायचं नाही. फोडीवर तेलाचा थर असतो, त्यावर पीठ धरत नाही. मोहरीची डाळ, मेथी आणि हिंग तेलात सुटून जळतात, कडू होतात आणि सगळं तेल फुकट जातं. तळायला मीठ-पाण्यातलं किंवा व्हिनेगरमधलं लोणचंच हवं. मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या, व्हिनेगरमधल्या मिरच्या, व्हिनेगरमधला कांदा हे चालेल. हलापेन्यो मिरचीच्या मुरवलेल्या चकत्याही इथे तळतात, पण त्यांच्या भोकात पीठ साठतं ते झटकून घ्यावं.

आणि आपल्या सांडगी मिरचीचा मान इथे घेतलाच पाहिजे. आंबट ताकात आणि मिठात मुरवायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि लागेल तेव्हा तळायची. पाणी उन्हाने आधीच काढून टाकलेलं, म्हणून पिठाची गरजच नाही, मिरची स्वतःच कुरकुरीत होते. ताक, मीठ, आंबटपणा आणि तळण हे चारही तिच्यात आहेत. दहीभाताबरोबर सांडगी मिरची आवडणाऱ्या माणसाला फ्राइड पिकल्स आवडतातच, हे मी इथल्या मराठी मंडळींमध्ये पाहिलंय.

आदूची आई

गोड बरणी नको म्हणता, तर घरीच काकड्या मुरवता येतील का? बाजारात कोवळ्या छोट्या काकड्या मिळतात.

रानजाई

नक्की येतील, आणि मी तर म्हणेन तेच करा. फ्रिजमधलं साधं पिकल सांगते, बरण्या उकळायची भानगड नाही.

काकड्या बोटाएवढ्या, टणक, बिया न झालेल्या घ्या. फुलाकडचं टोक थोडं कापून टाका. त्या टोकाला काकडी मऊ पाडणारी विकरं असतात, ती राहिली तर पिकल पिळपिळीत होतं. काकड्या बर्फाच्या पाण्यात तासभर ठेवा. मग ४-५ मिलिमीटरच्या चकत्या करा, मुरताना थोड्या आक्रसतात म्हणून जरा जाड. चकत्यांना मीठ लावून चाळणीत तासभर ठेवा, सुटलेलं पाणी टाकून द्या.

१ वाटी पांढरं व्हिनेगर, १ वाटी पाणी, १ मोठा चमचा मीठ, लहान अर्धा चमचा साखर हे उकळून पूर्ण गार करा. गरम ओतलं तर चकत्या शिजतात. बरणीत ठेचलेला लसूण, १ चमचा मोहरी, थोडे मिरे आणि शेपूची जुडी दांड्यांसकट घाला. शेपू भाजीला घेतो तोच. वर चकत्या आणि ते गार झालेलं व्हिनेगरचं पाणी. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवसांनी तळायला तयार. हे फ्रिजबाहेर ठेवायचं पिकल नाही, दोन-तीन आठवड्यांत संपवा.

इथे राहणाऱ्यांसाठी: दुकानातल्या कपाटातल्या बरण्यांपेक्षा फ्रिजच्या कप्प्यातल्या बरण्या घ्या. कपाटातल्या बरण्या उष्णता देऊन टिकाऊ केलेल्या असतात, फ्रिजमधल्या सहसा नसतात, म्हणून त्यांची काकडी जास्त करकरीत राहते. घटकांच्या यादीत कॅल्शियम क्लोराइड दिसलं तर घाबरू नका, ते काकडीचा कडकपणा टिकवायलाच घालतात.

कडीपत्ता

एअर फ्रायरमध्ये होतील का? घरात सगळे पथ्यावर आहेत.

चौकस

होतात, पण वेगळ्या होतात. एअर फ्रायरमध्ये कोरडं पीठ तेलाशिवाय पांढरंच राहतं. मक्याच्या रव्याऐवजी पांको ब्रेडक्रम्स (जपानी पद्धतीचा जाडसर पावाचा चुरा) घ्या, ते आधी तव्यावर चमचाभर तेलात बदामी परता. चकत्या मैदा, मग ताक, मग पांको अशा क्रमाने घोळवा. एकच थर, वरून तेलाचा फवारा, २०० अंशांना आठ ते दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटा.

रानजाई

चौकसनी सांगितलेलं अगदी बरोबर. त्यात भर एवढीच, पथ्य रक्तदाबाचं असेल तर तेलापेक्षा मिठाचा विचार आधी करा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते आणि पिकल्स हा मुळातच खारट पदार्थ आहे. अशांसाठी चकत्या दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून टिपून घ्याव्यात, आणि सॉसमध्ये मीठ घालू नये. माझ्या सासऱ्यांसाठी मी असंच करते, तेही चार-पाच चकत्याच.

डॅलसकर

सॉसचं राहिलं ताई.

रानजाई

हो डॅलसकर, तेच लिहायला बसले.

इथे बहुतेक ठिकाणी रँच देतात. स्टीव्ह हेन्सन यांनी कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ १९५४ मध्ये 'हिडन व्हॅली रँच' सुरू केलं, तिथून या सॉसचं नाव आणि प्रसिद्धी पसरली. त्यात ताक, मेयोनीज, लसूण, कांद्याची पूड आणि शेपू असतो. शेपू दोन्हीकडे असल्यामुळे पिकल्सबरोबर रँच इतका जमतो. दुसरा सॉस मिसिसिपीचा, 'कमबॅक सॉस'. मेयोनीज, तिखट सॉस, केचप, लसूण. चवीला मला तो जास्त आवडतो, पण शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, त्यात बहुधा वूस्टरशायर सॉस असतो आणि त्यात अँचोव्ही मासे असतात. घरी करताना त्याऐवजी थोडी चिंच आणि सोया सॉस घाला.

घरचा रँच: अर्धी वाटी चक्का, दोन मोठे चमचे अंड्याविना मेयोनीज, पातळ करायला ताक, लसणाची एक पाकळी किसून, अगदी बारीक चिरलेला शेपू दोन चमचे, मिरपूड. मीठ चव बघून, बहुधा लागत नाही. तळणाच्या आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवा, लसूण मुरला पाहिजे.

मेघमल्हार

एक शेवटची शंका. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल चालेल का? आणि थर्मामीटर नसेल तर तापमान कसं ओळखायचं?

रानजाई

लाकडी घाण्याच्या तेलाला स्वतःचा वास असतो, ते रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं आणि फेसही येतो. १९० अंशांना तळताना ते त्रास देतं. भाजीला, चटणीला ते उत्तम, या तळणाला रिफाइंड घ्या.

थर्मामीटर नसेल तर घोळवलेल्या पिठाचा एक छोटा कण तेलात टाका. तळाशी जाऊन सावकाश वर आला तर तेल थंड आहे. लगेच वर येऊन जोरात नाचायला लागला आणि अर्ध्या मिनिटात बदामी झाला तर बरोबर. टाकल्याबरोबर काळवंडला तर आच कमी करून दोन मिनिटं थांबा. प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने खाली पडलेला रवा काढून टाका आणि तेल पुन्हा तापू द्या. घाईघाईत दुसरा घाणा टाकला की तोच तेलकट निघतो.

मांडवीकाठ

रविवारी तोर केले. बिया काढून उभ्या फोडी केल्या, एक तास पाण्यात ठेवल्या, पंचावर दाबून टिपल्या आणि तांदळाची पिठी-रव्यात घोळवून कढईत तळल्या. आवरण एकाही फोडीचं सुटलं नाही. आंबटपणा जोरदार, सॉसची गरजच वाटली नाही, सोलकढीबरोबर खाल्ल्या. तळकोकणी, तुमचं दोनास एक प्रमाण अचूक आहे.

आदूची आई

माझ्या काकड्या आज बरणीत गेल्या. रानजाई, घोळवून ठेवलेल्या चकत्या फ्रीझरमध्ये ठेवता येतील का? आदूच्या वाढदिवसाला मुलं बरीच आहेत, सगळं त्याच दिवशी जमणार नाही.

रानजाई

येतील. घोळवून, दहा मिनिटं थांबून, ताटात एकाच थरात सुट्या सुट्या गोठवा. दोन तासांनी डब्यात भरा. तळताना बाहेर काढून वितळवू नका, सरळ फ्रीझरमधून तेलात टाका, नाहीतर सुटलेलं पाणी पिठात शिरेल. थंड चकत्यांनी तेल जास्त खाली येतं, म्हणून घाणा नेहमीच्या निम्मा ठेवा आणि साधारण अर्धा-एक मिनिट जास्त द्या. मुलांसाठी तिखट काढून टाका, पाप्रिका राहू दे, रंग छान येतो. तळताना मुलांना कढईपासून लांब ठेवा, गोठलेली चकती पडली की तेल चांगलंच उडतं.

आदूची आई

धन्यवाद ताई. शनिवारी करून फोटो टाकते.